स्टोयमेनने उलगडलेली स्तुती

लोकरीच्या गिरणीत स्टोयमेन पूर्वी कापड तपासायचा. कापडातली खोट उलट्या बाजूने कळते, हे त्याच्या हाताला ठाऊक होतं. म्हणूनच की काय, पक्षाच्या कचेरीने त्याला उचलून भित्तिपत्रकाच्या तपासनिसाच्या खुर्चीवर बसवलं. दर सोमवारी गिरणीच्या फाटकाशी भित्तिपत्रक लागायचं आणि त्यात थट्टेचा एक रकाना असायचाच. थट्टेला परवानगी होती. नव्हे, वरून आग्रहच होता. फक्त तिने मुकादमापर्यंत चढायचं आणि तिथून मुकाट खाली उतरायचं. त्याच्या वर चढणारी ओळ स्टोयमेनने पकडायची.

बिचारा मन लावून शिकला. शिबिराला जाऊन अतिशयोक्ती, उपरोध, विडंबन, अन्योक्ती सगळं घोकून आला, आणि येताना संशयाचं भूत मानगुटीवर बसवूनच आला. गोदामातल्या कुणी गाढवावर चार ओळी दिल्या, की हा विचारायचा, "गाढव म्हणजे कोण?"

"गाढव म्हणजे गाढव, काका."

"मग त्याला चष्मा कशाला?"

घरी बायको त्सोना म्हणाली, "आज लवकर आलास, बरं झालं," तर बरं का झालं, याचा तो घेवड्याचं सूप गार होईपर्यंत विचार करी. असल्या माणसाशी कोण बोलणार! हळूहळू त्सोनाही कामापुरतंच बोलू लागली, आणि त्या गप्प बसण्याचाही त्याला संशय येऊ लागला.

अशात संचालक द्रागानोव यांची पन्नाशी आली. कँटीनमधली वेलिका हात पुसत आली आणि तिने एक कागद पुढे केला.

"रात्रंदिन ते जागतात,
दार कधी ना लावतात,
आपल्या ताटातला घासही
मजुरांसंगे वाटतात."

स्टोयमेनने ओळी दोनदा वाचल्या. एवढी स्तुती सरळ कशी असेल? ही व्याजस्तुती! वरून नमस्कार, आतून चिमटा.

"कुणी सांगितलं तुला हे लिहायला?"

"सांगायचं काय त्यात? साहेबांनी राजधानीत, सोफियाच्या मोठ्या इस्पितळात फोन केला म्हणून माझ्या पोराचा पाय वाचला. मनातलं लिहिलंय."

"पण 'दार लावत नाहीत' म्हणजे काय?"

"म्हणजे दार लावत नाहीत! स्टोयमेन, तुझं डोकं नासलंय बघ."

ती तणतणत गेली. स्टोयमेन कागद उलटसुलट करत बसला. हे फाटकाशी लावलं आणि लोक हसले, तर खुर्ची गेलीच. मग पाठवतील लोकर धुवायला, कढत सोड्याच्या पाण्यात. तिथल्या माणसांचे हात त्याने पाहिले होते. त्यापेक्षा आपणच आधी सांगितलेलं बरं. वेलिकाचं काय होईल, हा विचार त्याला शिवला नाही असं नाही. पण पोटासमोर तो टिकला नाही.

संचालकांच्या खोलीत पक्षाचे चिटणीस आणि मुख्य इंजिनियर ब्रँडी घेत बसले होते. द्रागानोवांनी कविता वाचली आणि त्यांचा चेहरा खुलला.

"छान आहे की! काय अडचण आहे?"

"ही स्तुती नाही, कॉम्रेड संचालक. तुमची टर उडवलीय."

"टर? यात कुठे आहे टर?"

स्टोयमेनला हुरूप आला. एवढं शिकलेलं दाखवायची संधी पहिल्यांदाच मिळत होती. "जे मुळीच नाही, ते आहे म्हणून छातीठोक सांगायचं, ही यातली युक्ती. आता हेच बघा, 'रात्रंदिन जागतात'. जेवणानंतर चारपर्यंत तुमचं घोरणं तर जिन्यापर्यंत ऐकू येतं." चिटणीसांनी ग्लास खाली ठेवला. "'दार लावत नाहीत'. दाराला आतून दोन कड्या आहेत. आणि 'घास वाटतात'! कँटीनसाठी आलेली कोकरं तुमच्या गाडीतून घरी जातात. सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून तर लोक हसणार."

"सगळ्यांना?" द्रागानोवांनी हळू विचारलं.

"सगळ्यांना," स्टोयमेन म्हणाला. आणि मग आपण काय बोलून बसलो, ते त्याच्या स्वतःच्या कानावर पडलं.

ही स्तुतीच आहे हे दाखवायला द्रागानोवांनी सोमवारी कविता सोनेरी चौकटीत लावायला लावली. तोवर इंजिनियरच्या तोंडून सगळी हकिकत गिरणीभर झाली होती. लोक फाटकाशी थांबत, ओळ वाचत, कड्या आठवत, कोकरं आठवत आणि पोट धरून हसत.

वेलिका धुलाईच्या शेडमध्ये आली तेव्हा स्टोयमेनचे हात कोपरापर्यंत पाण्यात होते. "आयुष्यात एकदाच कुणाचे तरी आभार मानले होते रे मी," ती म्हणाली, "त्याचंही तू हसं केलंस." ती रडत होती, आणि ते रडणं खरं आहे की कसं, हे तपासावंसं त्याला पहिल्यांदाच वाटलं नाही.

ती गेल्यावर शेजारचा धुलाईवाला जवळ सरकला. "काका, तोंडावर सुनावलंत त्याला! छाती लागते बुवा." बाकीच्यांनीही माना डोलावल्या. स्टोयमेनने एकेक चेहरा नीट न्याहाळला. त्यात कुठे तरी टर सापडली असती, तर त्याचा जीव भांड्यात पडला असता. पण सगळे अगदी मनापासून बोलत होते, आणि दारात मुकादम उभा राहून ऐकत होता.