डेअरीवर तपासलेला सोबती

मित्रांनो, मन भरून आलंय, म्हणून चहा तसाच ठेवून आधी तुम्हाला लिहितोय.

कोरेगावजवळच्या आमच्या गावात तरुण मंडळानं दूध डेअरीवरच पुरुषांची आरोग्य तपासणी सुरू केलीय. दवाखान्यात बोलावलं तर कुणी फिरकत नाही. दूध घालायला मात्र सगळे येतात.

माझा शाळासोबती आनंदा, फौजेतून निवृत्त झालेला, दर वेळी निसटायचा. आज नर्सताईंनी त्याला गाठलंच.

"मला काय धाड भरलीया?"

"आवं आबा, म्हशीच्या दुधाची फॅट रोज बघता, आज तुमचं बीपी बघू की!"

रांग हसली. आनंदा फुगून बसला. पण दंडाला पट्टा बांधताच त्याच्या पलटणीच्या गप्पा सुरू झाल्या, आणि बोलताना बीपी नीट येत नाही, असं नर्सताई सांगत होत्या. मग मी शेजारी बसून आमची चौथीतली कविता हळू म्हणू लागलो. त्यानं डोळे मिटले, गप्प झाला.

तरीही बीपी फार वाढलेलं निघालं.

"लय हाय का रं?" त्यानं मला विचारलं. एवढा बारीक आवाज मी त्याचा कधी ऐकला नव्हता.

तसंच त्याला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत. गोळ्या सुरू झाल्या.

परतताना रिक्षात तो म्हणाला, "गड्या, मगाशी शेवटचं कडवं गाळलंस."

ते मला कधी पाठच नव्हतं. शाळेतही तेवढं तोच म्हणायचा. आज रिक्षात त्यानं ते पुन्हा म्हटलं, आणि मी मनोमन मंडळाच्या पोरांचे, नर्सताईंचे आभार मानले.

तुमचाही कुणी सोबती तपासणी चुकवतोय का? उद्या जाऊन त्याच्या शेजारी बसाल?