लॉजची पायरी न चढलेला माणूस

विट्याजवळचे तात्याबा कुणालाही ओळख करून देताना आधी नाव सांगत नाहीत. "आयुष्यात लॉजची पायरी चढलो न्हाई," हे सांगतात, आणि मग ऐकणाऱ्याची सुटका नसते. त्यांच्या भागातली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यापायी देशभर पसरलेली. काशी असो, कोची असो, तात्याबा सराफ पेठेत उभे राहायचे, पंधरा मिनिटांत गाववाला हुडकायचे आणि पिशव्यांसकट त्याच्या घरी मुक्काम ठोकायचे. गाववाल्याला काय वाटत असेल, हा प्रश्न त्यांना कधी पडला नाही.

त्यांच्या बायकोनं, मनुबाईंनी, ही सगळी शहरं स्वयंपाकघरातून पाहिली. कारण तात्याबा उंबऱ्यातच जाहीर करायचे, "वैनी, तुमी बसा. आज हिच्या हातची भाकरी खाऊन बघा." मनुबाईंना गंगा धावतपळत दिसली. काशीचं पीठ मात्र निवांत चाळायला मिळालं.

यंदा लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून अमेरिकेतल्या लेकीनं, रेश्मानं, दोघांना वेस्ट इंडीजमधल्या एका चिमुकल्या बेटावर नेलं. चार दिवस, समुद्राकाठचं हॉटेल. मनुबाईंनी फोनवर एवढंच विचारलं होतं, "तिथं सैपाक कोण करतं?"

"हॉटेलवाले, आई."

त्या दिवसापासून बाई दिवस मोजत होत्या. पन्नास वर्षांनी एखादीला एवढंच विचारावंसं वाटावं, यात नवऱ्याचं सगळं कौतुक आलं.

बेटावर उतरल्यापासून तात्याबांना अन्न गोड लागेना. लॉजची पायरी चढलो, त्याहून जास्त इथं आपला माणूस नाही, हे त्यांना सलत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळीच ते बाजारात गेले आणि अकराच्या सुमारास एका किराणा दुकानात त्यांना आदगोंडा पाटील सापडले. मूळचे सांगलीजवळचे, इथल्या डॉक्टरकीच्या कॉलेजात शिकवणारे.

तात्याबा लढाई जिंकल्यासारखे खोलीवर आले. "भर सामान! आपला माणूस गावला. बायकू बाळंतपणाला म्हायेरी गेलीया, गडी म्हयनाभर पावावर हाय. मी शब्द दिलाय, आज तुझ्या हातची भाकरी."

मनुबाई गॅलरीत पाय वर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी पाय खाली घेतले नाहीत.

"आवं, मग जावा की. शब्द तुमी दिलाय."

"आन् तू?"

"मी हितंच ऱ्हाणार. पन्नास वर्सं तुमच्या माणसांच्या चुलीम्होरं बसले. ह्या खोलीत चूल न्हाई, म्हणून मला ती लय आवडलीया."

तात्याबांनी लेकीकडं पाहिलं. लेक समुद्राकडं बघत होती.

दुपारी आदगोंडांची गाडी आली. शब्द मोडला तर लाज जाणार, म्हणून तात्याबा एकटेच गेले. काकू येणार म्हणून पाटलांनी जपून ठेवलेलं ज्वारीचं पीठ काढलं होतं. ते बघून तात्याबांनी बाह्या सरसावल्या. पहिली भाकरी परातीला चिकटली, दुसरी तव्यावर टाकताना मोडली, तिसरीला दोन बोटं भाजली. पाटील जैन, दिवस मावळायच्या आत जेवायचा त्यांचा नेम, त्यामुळं दोघांनी घाईघाईनं पावच खाल्ला.

तात्याबा परतले तेव्हा मनुबाई त्याच खुर्चीत होत्या. तात्याबांनी भाजलेली बोटं पुढं केली.

"लय चटका बसला गं."

मनुबाईंनी बोटांकडं पाहिलं, मग स्वतःच्या हातांवरच्या जुन्या चटक्यांकडं.

"बरफ लावा," त्या बसल्या जागेवरून म्हणाल्या. "खाली फोन करा. हितं आणून देत्यात."