'थांबा' लिहिणारे पेंटर

साताऱ्यात आमच्या कॉलनीजवळच्या चौकात चारही बाजूंना 'थांबा' असे लाल बोर्ड लागले. ते रंगवणारे म्हातारे पेंटर रोज सकाळी येऊन ओल्या फडक्याने एकेक बोर्ड पुसत. स्कूटरवरून कामावर जाताना मी म्हणायचो, "काका, थांबतं कोण इथं?"

"थांबत्यात की. तुमाला दिसत न्हाईत," ते अगदी सावकाश म्हणायचे.

रस्ता ओलांडताना कोणी येत नसलं, तरी ते कुणाला तरी वाट दिल्यासारखे कडेला सरायचे. ते पाहून मला कसंसंच व्हायचं.

परवा बोर्डापाशी मी वेग कमी केला. रस्ता मोकळा दिसला म्हणून पुढे निघणार, तोच त्यांनी धावत येऊन माझं हँडल घट्ट धरलं.

"थांबा म्हणतोय न्हवं!"

पुढच्याच क्षणी उताराच्या वळणावरून ब्रेक फेल झालेला उसाचा ट्रॅक्टर आला आणि माझ्यासमोरून जाऊन पलीकडच्या भिंतीवर आदळला. ड्रायव्हर वाचला. आभार मानायला मी वळलो.

पेंटर माझ्याकडे बघतच नव्हते. माझ्या मागच्या रिकाम्या सीटकडे पाहत त्यांनी मायेने विचारलं, "ताई, तुमाला कुटं लागलं न्हाई न्हवं?"