भट्टीला लावलेलं कुंकू

माझा स्वभाव मूळचाच चुळबुळ्या, त्यात प्रोबेशन. ऐंशी साल उजाडायच्या जरा आधीची गोष्ट. चिंचवडच्या एका छोट्या कंपनीत आम्ही दोघं भट्टी सांभाळायचो, मी आणि परभणीकडचे एक भाऊ. क्वार्ट्झच्या नळीत सिलिकॉनच्या चकत्या ढकलायच्या आणि तापवायच्या, की त्यांच्यावर ऑक्साइडचा पातळ थर धरतो. थर निळा आला की जाडी बरोबर. त्या थरानं वीज धरून ठेवली तर चकतीला आठवण राहते, गळू दिली तर सगळा विसर. मेमरीचा धंदा तो असा. आणि थराचा वैरी मीठ. घामट बोटसुद्धा चालायचं नाही.

खंडेनवमीला सगळ्या शॉपमध्ये मशिनींची पूजा झाली, फक्त आमच्या खोलीत साहेबांनी हळदकुंकू येऊ दिलं नाही. मला राहवेना. भट्टी बिनपूजेची, आणि माझं पर्मनंट होणं तिच्या हाती! बाकीचे पेढे खात होते तेवढ्यात आत शिरलो आणि नळीच्या तोंडाशी, कोणाला दिसू नये म्हणून आतल्या बाजूनं, कुंकवाचं बोट ओढलं. वर हातही जोडले. शहाणाच की नाही!

पुढच्या चकत्या निळ्याशार आल्या, पण तपासणीत सगळ्या गळक्या. साहेबांनी विचारलं, घाम कोणाला जास्त येतो? भाऊंच्या तळव्यांना यायचा. झालं! ते रोज कोपरापर्यंत हात घासायला लागले, पार भेगा पडेपर्यंत. मी शेजारी उभा. कुंकवात टाकणखार असतो, तोही मिठाइतकाच वाईट, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पण संशय होता, खोटं कशाला बोलू? एका जागी बसवेना म्हणून बस सोडून आकुर्डीपर्यंत चालत जायचो.

तिसऱ्या आठवड्यात भाऊंना कमी करायचं ठरलं, तेव्हा मात्र साहेबांसमोर जाऊन सगळं ओकलो. त्यांनी शिव्या घातल्या, नळी बदलायला लावली, भाऊंना ठेवून घेतलं. मलाही काढलं नाही. सुटलो बाबा एकदाचा, असं म्हणत भाऊंना सांगायला धावलो.

ते नळाखाली हात घासत होते. माझं ऐकून त्यांनी पाणी बंद केलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

"तीन आठवडे झाले," ते म्हणाले, "लेकराला उचलून घेतलं नाही बघ. हात टोचतात म्हणून रडतंय ते."