वरील रकमेवर

चष्म्याच्या त्या वर्कशॉपमध्ये त्यांना सगळे 'पाव नंबर' म्हणायचे, आणि तेही तोंडावर. काचेत पाव नंबराची चूक असली तरी यंत्राच्या आधी यांच्या डोळ्यांना दिसायची. काच खिडकीच्या उजेडासमोर धरायची, मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, आणि "हं, पुन्हा घासा." झालं. यंत्राने वेगळा आकडा दाखवलाच तर लोक यंत्र दुरुस्तीला पाठवायचे. एकतीस वर्षं एकाच खिडकीपाशी, एकाच स्टुलावर बसून त्यांनी अर्ध्या गावाला नीट बघायला लावलं होतं. आणि हाच माणूस सरकारी पाकीट दिसलं की पांढराफटक पडायचा. एवढ्या हुशार माणसाने एवढं घाबरट असू नये, पण असतात अशी माणसं, त्याला काय करणार?

त्या शुक्रवारी सकाळी मालकांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं.

"बसा हो. वर्कशॉपचे हेड नोकरी सोडून चाललेत, तुम्हाला माहीतच आहे. त्यांच्या जागी तुम्ही. पगारात चांगली वाढ आहे. बोला."

दुसऱ्या कुणी अशा वेळी पेढ्याचं नाव काढलं असतं. पाव नंबरांना घाम फुटला.

"विचार करून सांगतो," ते म्हणाले.

"मागच्या वेळीही तुम्ही हेच म्हणालात, आणि मग नाहीच म्हणालात. या वेळी चार वाजेपर्यंत सांगा. नाहीतर सोमवारी बाहेरचा माणूस येईल, आणि मग माझ्याकडे तोंड वाकडं करायचं नाही."

स्टुलावर परत येऊन त्यांनी काच उचलली. समोर काच होती, पण डोळ्यांपुढे बायकोचे हात. ती हॉस्पिटलच्या धुलाई विभागात कामाला होती. पहाटे पाचला घर सोडायचं, दिवसभर ओल्या चादरी पिळायच्या, वाळत टाकायच्या, आणि तीनला घरी येऊन कोमट पाण्याच्या घमेल्यात हात बुडवून बसायचं. बोटांचे सांधे आवळ्यासारखे सुजलेले. "ओलं काम बंद करा, नाहीतर वर्षभरात मूठ वळणार नाही," असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. त्यावर ती म्हणाली होती, "यांचं काम दरवर्षी मंदावतं, मी सोडून कसं चालेल?" डॉक्टरांपुढे पाव नंबर खाली मान घालून जमिनीवरच्या फरशा बघत होते.

कारण काम काही मंदावत नव्हतं. ते त्यांनीच मंदावून घेतलं होतं.

अकरा वर्षांपूर्वी, एका बऱ्या पगारवाढीनंतर, आयकर कार्यालयाचं पत्र आलं. एकच पान. वरती यांचं वर्षाचं सगळं उत्पन्न छापलेलं. त्याच्याखाली लिहिलेलं, सुरुवातीच्या रकमेला सूट, त्यापुढे अमुक मर्यादेपर्यंत पाच टक्के. आणि तळाला ते वाक्य: "वरील रकमेवर वीस टक्के दराने कर आकारला जाईल."

वरील! आता सरकारी कागदात 'वरील' म्हणजे काय, हे कोणीही सांगेल. वरील पत्त्यावर, वरील विषयास अनुसरून, वरील अर्जदार. म्हणजे वर जे लिहिलंय ते. पाव नंबरांनी वर बघितलं, तर वर त्यांचं वर्षाचं सगळं उत्पन्न. त्याच्यावर वीस टक्के! मर्यादा एक रुपयाने ओलांडली तरी सगळ्यावर वीस, आणि सूटही गेली.

तरी एकदा कुणाला विचारावं म्हणून त्यांनी फ्रेमवाल्याला विचारलं. हा शेजारच्या टेबलावर फ्रेमला स्क्रू लावायचा, आणि जगातली प्रत्येक गोष्ट त्याच्या साडूच्या ऑफिसात घडलेली असायची.

"ओलांडलात की मेलात," फ्रेमवाला म्हणाला. "माझ्या साडूच्या ऑफिसात एकाचा पगार पाचशेनी वाढला आणि हातात दोन हजार कमी आले. बायको माहेरी गेली त्याची!"

त्या माणसाला कुणी पाहिलं नव्हतं. साडूनेही नाही. पण अशा गोष्टीला माणूस दिसावा लागतच नाही.

तेव्हापासून पाव नंबरांचं एकच काम. त्या मर्यादेच्या खाली राहायचं. जादा तास नको. वाढ द्यायची तर थोडीच द्या. आणि आर्थिक वर्ष संपायच्या महिन्यात, आकडा रेषेला टेकायला लागला की, पंधरा-पंधरा दिवस बिनपगारी रजा. वर्कशॉपमध्ये सांगायचं, कंबर धरलीय. घरी सांगायचं, काम मंदावलंय. मर्यादा वर सरकली की हेही तिच्या दोन बोटं खालून सरकायचे. रेषा एकदाही ओलांडली नाही, म्हणून ओलांडल्यावर काय होतं ते कधी कळलंही नाही. ते पत्र मात्र घडी घालून चष्म्याच्या डबीत, अकरा वर्षं खिशाशी. हवं कशाला ते खिशात? पण घाबरलेला माणूस घाबरवणारी वस्तू टाकून देत नाही, सांभाळतो.

साडेतीन वाजता ते हिशेबनीसबाईंच्या खोलीत गेले. बाई येऊन चारच महिने झाले होते. बोलायला फटकळ, पण मनाने बरी बाई.

"बाई, नकाराचा अर्ज कसा लिहायचा? मला ती जागा नको."

"नको? का हो काका? आणि एक मला केव्हाचं विचारायचंय. तुमची कंबर दरवर्षी त्याच महिन्यात कशी दुखते? अकरा वर्षांच्या हजेऱ्या बघितल्या मी. एवढी शिस्तीची कंबर मी जन्मात बघितली नाही."

पकडले गेलो, असंच पाव नंबरांना वाटलं. आता ही कळवणार, आता माणसं येणार, अकरा वर्षांचं एकदम काढणार. त्यांनी डबी उघडली आणि पत्र बाईंपुढे ठेवलं.

"मी काही लपवलं नाही, बाई. फक्त ओलांडलं नाही."

बाईंनी वाचलं. उलटून बघितलं. पुन्हा वाचलं.

"मग? यात घाबरण्यासारखं काय आहे?"

"वरील रकमेवर वीस टक्के! सगळ्या उत्पन्नावर!"

"सगळ्या कुठे? वरील म्हणजे या मर्यादेच्या वरची रक्कम. जेवढी वर जाईल तेवढीच."

"वरील म्हणजे वर लिहिलेली."

"अहो, नाही हो काका!" बाईंना हसू फुटलं, पण पाव नंबरांचा चेहरा बघून ते तिथेच विरलं. बाईंनी नाकावरचा चष्मा काढला आणि पुढे धरला. बायफोकल होता, दोन महिन्यांपूर्वी पाव नंबरांनीच घासलेला. "हे तुमचंच काम ना? या रेषेच्या वर लांबचा नंबर, खाली वाचायचा. उद्या माझा वरचा नंबर वाढला आणि तुम्ही नवी काच केलीत, तर खालचा नंबर तुम्ही बदलाल का?"

"छे! खालचा का बदलू? तो आहे तसाच राहतो."

असं ते म्हणाले, आणि मग त्यांना ऐकू आलं आपण काय म्हणालो ते.

त्यांनी चष्मा हातात घेतला. काचेवरची ती बारीक रेषा अंगठ्याने चाचपली. खाली खालचा दर. वर वरचा. खालचं तसंच.

"आणि सूट?"

"ती आधीच वजा होते. कुणी परत मागत नाही."

"म्हणजे पगार वाढला की हातात कमी, असं कधीच होत नाही?"

"इथे तरी नाही होत. थोडं कापतात, पण उरलेलं तुमचंच. थांबा, अकरा वर्षांत तुमचं किती गेलं ते काढते," म्हणत बाईंनी कॅल्क्युलेटर ओढला.

पाव नंबरांनी त्यावर पालथा हात ठेवला. "नको. तेवढं नका काढू."

ते खुर्चीत बसून राहिले. भीती जाईल असं वाटलं होतं, पण तिने नुसतं तोंड फिरवलं होतं. आतापर्यंत सरकारची होती, आता घरची. पत्रातल्या एका शब्दासाठी बायकोने किती चादरी पिळल्या? चार वाजता त्यांनी मालकांसमोर सही केली. मालक पाठ थोपटून म्हणाले, "हसा की हो आता!" यांना काही हसता येईना.

घरी ती टेबलापाशी घमेल्यात हात घालून बसली होती. रस्ताभर त्यांनी काय काय बोलायचं ते ठरवलं होतं. दारात पाऊल टाकलं आणि सगळं साफ विसरले. त्यांनी पत्र उलगडून तिच्यापुढे ठेवलं.

"हे जरा वाच ना. मला नीट कळत नाही."

"तुम्हाला कळत नाही? पाव नंबरला?" ती हसली, हात पुसले. कागद बोटांत धरवत नव्हता, म्हणून टेबलावरच ठेवून ओठ हलवत वाचला.

"एवढंच? आधी सूट. मग इथपर्यंत पाच टक्के. त्याच्या वर जे जाईल, तेवढ्यावर वीस. सोपं तर आहे. यात काय नाही कळलं?"

एका वाचनात! आठवीत शाळा सुटलेली बाई.

तिची नजर कोपऱ्यातल्या तारखेवर गेली. "हे अकरा वर्षांपूर्वीचं आहे."

"हो."

"मग आज कशाला दाखवताय?"

त्यांनी सांगितलं. फ्रेमवाल्याचा साडू, कंबर, बिनपगारी रजा, नाकारलेली जागा, आज केलेली सही, सगळं. सांगताना त्यांचा आवाज इतका बारीक झाला की शेवटी शेवटी ती पुढे झुकून ऐकत होती.

"म्हणजे काम मंदावत नव्हतं."

"नाही."

"एकदाही नाही?"

"नाही गं."

"मी पहाटे उठून जायचे, आणि तुम्ही इथे घरात बसून असायचात. धडधाकट."

त्यांनी मान डोलावली.

"तेव्हाच मला का नाही दाखवलंत? दोन मिनिटांचं काम होतं."

"घाबरलो होतो. म्हटलं, तू पण घाबरशील."

ती रडली असती, ओरडली असती, तर त्यांना बरं वाटलं असतं. तिने हात परत घमेल्यात घातले.

"पाणी गार झालंय. गरम आणा."

त्यांनी पातेलं तापवून आणलं. ओतताना अर्धं टेबलावर सांडलं.

"सोमवारी हॉस्पिटलमध्ये जायचं," ती म्हणाली. "आमच्या धुलाई विभागाच्या मोठ्या बाईंच्या टेबलापुढे उभं राहायचं आणि सांगायचं, ही आता कामाला येणार नाही. एवढी वर्षं का येत होती असं त्यांनी विचारलं, तर तेही सांगायचं. माझ्यासमोर सांगितलंत तसं."

पाव नंबरांनी पातेलं खाली ठेवलं. "तू येशील ना बरोबर?"

"मी घरी असेन. धडधाकट नाही, पण घरी."

"बरं," ते म्हणाले, आणि सवयीने पत्राची घडी घालून डबीत ठेवायला लागले. तिने ओल्या हाताने ते त्यांच्याकडून ओढून घेतलं. मूठ वळत नव्हती, म्हणून दोन्ही तळव्यांमध्ये दाबून धरलं.

"यापुढे या घरात आलेला प्रत्येक कागद आधी मी वाचणार," ती म्हणाली.