मंगळावरचा खड्डा आणि मानिक चौकातले ठोसे

मंडळी, ओठाला टाके पडलेत, बोलता येत नाही, म्हणून लिहितोय.

मंगळाभोवती फिरणाऱ्या यानांनी काढलेले फोटो मी वर्षानुवर्षं अभ्यासतो. कुणी शिकवलं नाही, स्वतः शिकलो. उल्का आदळून पडलेल्या एका खड्ड्याचा मोठा फोटो मी मानिक चौकात राजूभैयाकडे फ्रेम करायला दिला होता.

आज आणायला गेलो, तर त्याने तो दुकानाबाहेर उलटा टांगलेला. अशा फोटोत ऊन खालून आल्यासारखं दिसलं की डोळा फसतो, खड्डा उंचवटा वाटतो. इथे तर हुबेहूब शिवपिंडी दिसत होती. वर झेंडूचा हार, समोर हात जोडलेली माणसं.

मला चूक बघवत नाही. मी फ्रेम सरळ केली. पिंडी गेली, खड्डा दिसू लागला.

"भगवान को गड्ढा बना दिया इसने," एकजण ओरडला आणि माझ्या तोंडावर ठोसा बसला.

"गड्ढा ही है जी," मी म्हणालो. दुसरा बसला.

मग खड्ड्यापुढे हात जोडायला लावले म्हणून त्यांनी राजूभैयाला दुकानातून बाहेर ओढलं, लाथांनी तुडवलं. तो कळवळून म्हणाला, "भाईसाहब, उलटी कर दो, मार डालेंगे मुझे."

रक्ताळलेल्या हातांनी मी फ्रेम पुन्हा उलटी टांगली. लाथा थांबल्या. मला मारणाऱ्यानेच हार नीट केला.

राजू वाचला, बरं झालं. पण चूक माझ्या हाताने टांगलीय, हे ओठापेक्षा जास्त ठणकतंय. फ्रेम अजून तिथेच आहे. आणायला जाऊ की नको? खरं सांगा.