चैताली ओव्हाळ गिऱ्हाईक फिरवत नाही

लोणावळ्यात जुन्या हायवेच्या कडेला किल्ल्यांचा जुडगा बोटात फिरवत माणसं उभी असतात. मुंबईची गाडी जरा हळू झाली की खिडकीशी येऊन ‘बंगला पाहिजे का, बंगला?’ म्हणतात. आमचं अमुक बंगल्यात बुकिंग आहे असं गाडीतल्याने सांगितलं, तर चेहरा पाडून म्हणतात, ‘अरेरे, तो तर बंद आहे. मोटर जळली. चला, त्याहून भारी दाखवतो.’ याला त्यांच्या धंद्यात गिऱ्हाईक फिरवणं म्हणतात. कोंडाजी ओव्हाळने हे काम अकरा वर्षं केलं. चैताली ही त्याची धाकटी मुलगी, आणि तिला त्या कामाची मनापासून चीड.

ओव्हाळ मूळचे इंदुरीचे. छप्पन साली धर्मांतर करून गावकीची कामं टाकली तेव्हा कोंडाजीचा बाप म्हणाला होता, आता कुणाच्या दारात उभं राहायचं नाही. आणि पोरगा पोटासाठी लोणावळ्यात आला तो हायवेवर उभा राहिला. तुंगार्लीतल्या एका बंगल्याच्या मागच्या खोलीत चैतालीचं बालपण गेलं. बाप रोज खोटं बोलून घरी येतो हे तिला सातव्या वर्षी कळलं होतं आणि बारा वर्षांची होईपर्यंत ती त्याच्याशी नीट बोलत नव्हती. पोर तापट होती आणि अजूनही आहे.

डिप्लोमा करून ती एका कारखान्याच्या कम्प्युटर विभागात लागली. रोज सकाळी लोकलने घोरावाडीला उतरायचं, दिवसभर वायरी ओढायच्या, प्रिंटरातला अडकलेला कागद काढायचा. तिथल्या साहेबाने पहिल्याच दिवशी बजावलं, सर्व्हरला हात लावायचा नाही. चैतालीला हात लावू नको म्हटलं की तिचे हात शिवशिवतात. भंगारात निघालेलं एक मशीन तिने रीतसर अर्ज करून मागून घेतलं, घरी आणलं, आणि साहेबाच्या नाकावर टिच्चून चार वर्षांत सगळं शिकली.

मग तो तीन दिवसांच्या सुट्टीचा आठवडा आला. बंगले भाड्याने देणाऱ्यांची लोणावळ्यात एक संघटना आहे. बाजीराव तिचे अध्यक्ष, गळ्यात जाड साखळी, आवाज त्याहून जाड. संघटनेच्या साठ बंगल्यांच्या साठ साइट होत्या आणि त्या शुक्रवारी सकाळी साठच्या साठ गायब झाल्या. साइट जिवंत होत्या, फक्त कोणाला सापडत नव्हत्या. कारण इंटरनेटला नाव कळत नाही, त्याला आकड्यांचा पत्ता लागतो. नाव विचारलं की आकडा सांगणारं मशीन कुठेतरी बसलेलं असतं, त्याला नेम सर्व्हर म्हणतात. संघटनेचा नेम सर्व्हर मुंबईतली कुठलीशी कंपनी सांभाळायची. ती कोणाला न सांगता बंद पडली होती.

बैठकीत सगळे एकमेकांवर ओरडत होते. बातमी ऐकून आलेल्या आणि दाराशी उभ्या असलेल्या चैतालीने सांगितलं, “मी चालवते.”

“तू? आन् सॉफ्टवेअर केवढ्याचं?” बाजीरावांनी विचारलं.

“फुकट आहे.”

सगळे हसले. फुकट म्हणजे त्यात काहीतरी खोट असणार, असं कोणीतरी म्हणालं.

“फुकट आहे आणि उघडंही आहे,” ती म्हणाली. “आत काय लिहिलंय ते कोणीही वाचावं. जगभरची माणसं वाचतात म्हणून त्यातली खोट सापडते. तुम्हीही वाचा.” अर्थातच कोणी वाचलं नाही. पण दुसरा उपायही कोणाकडे नव्हता, म्हणून काम तिला मिळालं.

बसवायला किती वेळ लागला असेल? वलवणच्या तिच्या भाड्याच्या खोलीत, लिनक्स घातलेल्या त्या भंगारातल्या मशीनवर तिने एक ओळ टाइप केली आणि चहा उतू जायच्या आत ‘बाइंड’ नावाचं ते सॉफ्टवेअर येऊन बसलं. खरं काम त्यानंतरचं. आधी तिने त्याला बजावलं की जगातल्या कुणाच्याही प्रश्नांची उत्तरं शोधत हिंडायचं नाही, आपल्या साठ नावांपुरतं बोलायचं. हे दार उघडं राहिलं की उपटसुंभ लोक आपलं मशीन वापरून दुसऱ्याचं नुकसान करतात. मग दुसरं मशीन. लोणावळ्यात पावसाळ्यात वीज किती वेळा जाते ते सांगायला नको, म्हणून दुसरं मशीन घोरावाडी स्टेशनजवळ ठेवलं, पायलच्या दुकानात. पायल तिची डिप्लोमाची मैत्रीण, तिचा झेरॉक्सचा आणि ऑनलाइन फॉर्म भरायचा व्यवसाय. वलवणच्या मशीनवर जे लिहिलं जाईल त्याची नक्कल पायलकडचं मशीन आपण होऊन उतरवून घ्यायचं.

या नकलेने चैतालीला पहिल्याच महिन्यात तोंडावर पाडलं. प्रत्येक नावाच्या फाइलीत वरती एक क्रमांक असतो. फाइल बदलली की तो वाढवायचा. दुसरं मशीन फक्त तो क्रमांक बघतं, वाढला असेल तरच नवी नक्कल घेतं. चैतालीने एका बंगल्याचा पत्ता बदलला आणि क्रमांक वाढवायला विसरली. वलवणचं मशीन नवा पत्ता सांगत होतं, पायलचं जुना. निम्मी गिऱ्हाइकं इकडे, निम्मी तिकडे. बाजीरावांनी भर बैठकीत तिची खिल्ली उडवली. तिने चूक कबूल केली, वहीच्या पानावर लाल शाईने ‘क्रमांक!’ असं लिहून ते मशीनवर चिकटवलं, आणि पुढच्या तीन वर्षांत साठपैकी एकही नाव एक मिनिटही बंद पडलं नाही. तेव्हा मात्र कोणी बैठक बोलावली नाही. काम वाढलं तशी तिने कारखान्यातली नोकरी सोडली. आता तिचं आणि म्हाताऱ्या कोंडाजीचं घर या साठ नावांवर चालत होतं.

आता अनिताताईंचं सांगायला हवं. कुरवंड्याच्या अलीकडे त्यांचं तीन खोल्यांचं घर आहे, ‘करवंद’ नावाचं, संघटनेच्या साठांपैकीच एक. नवरा गेल्यावर शेतावरचं हे घर त्यांनी पाहुण्यांना द्यायला सुरुवात केली. पिठलं-भाकरी, चुलीवरचं मटण, सकाळी गवती चहाचा घोट. लोक परत परत यायला लागले. बाजीरावांचं म्हणणं, संघटनेतल्या बंगल्यांचा प्रत्येक पाहुणा संघटनेच्या ऑफिसातूनच यायला हवा. अनिताताईंचं म्हणणं, “माजं घर, माजे पाव्हणे. मधी तुमी कोन?” दोन वर्षं हे भांडण धुमसत होतं.

पुन्हा तीन दिवसांची सुट्टी जवळ आली आणि बुधवारी बाजीराव स्वतः वलवणला आले. खुर्ची पुसून बसले.

“चैताली, फक्त तीन दिवस. कोनी करवंद टाकलं की आपल्या संघटनेचं पान उघडलं पायजे. विक्की म्हनतो, एका वळीचं काम हाय.” विक्की म्हणजे ऑफिसातले कम्प्युटर बघणारा, बाजीरावांचा भाचा.

“एकाच ओळीचं आहे,” चैताली म्हणाली.

“मग?”

“मग करणार नाही.”

“समदे करत्यात गं. हायवेवर काय चालतं?”

“हायवेवर काय चालतं ते मला तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, भाऊ. माझ्या मशीनवर ते चालणार नाही. कोणी करवंद विचारलं तर करवंदच सांगणार.”

बाजीराव उठले. “तर मग साठ नावं काढून घेईन. घरी बसशील.” दार आपटून गेले.

शुक्रवारी दुपारी अनिताताईंचा फोन. “चैताली, सकाळधरनं निम्मी लोकं येत्यात आन् निम्मी कुटं जात्यात कळंना झालंय. ठान्याचे पाव्हणे म्हनले, तुमच्या साइटवर दुसऱ्याच बंगल्याचे फोटो हायेत. एकीच्या फोनवर तर धोका हाय, फुडं जाऊ नका, असं आलं म्हनं.”

चैतालीने मशीनची नोंद उघडली. सॉफ्टवेअर इमानदार, घडलेलं सगळं लिहून ठेवतं. गुरुवारी संध्याकाळी कोणीतरी बाहेरून आत येऊन करवंदची फाइल बदलली होती. आत यायचा पासवर्ड तिनेच संघटनेला बंद पाकिटात दिला होता, मी आजारी पडले तर असू द्या म्हणून. इतकी सरळ होती ती. आणि त्याच नोंदीखाली सॉफ्टवेअरने तक्रार लिहिली होती: क्रमांक बदललेला नाही, दुसऱ्या मशीनपर्यंत हा बदल पोचणार नाही.

विक्की क्रमांक वाढवायला विसरला होता! वलवणचं मशीन खोटं सांगत होतं, आणि घोरावाडीचं पायलच्या झेरॉक्सशेजारी बसून विचारेल त्याला खरं सांगत होतं. इतक्या संतापातही चैतालीला हसू फुटलं. तिने जुनी ओळ परत घातली, क्रमांक वाढवला, पासवर्ड बदलला. लोकांच्या फोनमधलं खोटं उत्तर पुसायला आणखी तासभर लागणार होता. तो तास तिने अनिताताईंच्या पाहुण्यांना एकेकाला फोन करून रस्ता सांगण्यात घालवला.

शनिवारी सकाळी संघटनेची बैठक होती. चैताली साठ कागदांचा गठ्ठा घेऊन गेली. कोंडाजी मागे लागून आला होता, तो दाराशी बाकावर बसला. तिने सगळ्यांसमोर नोंद वाचून दाखवली, वेळेसकट. विक्की खाली बघायला लागला. बाजीरावांनी मात्र काही नाकारलं नाही.

“केलं. धंदा हाय,” ते म्हणाले. “आन् तू कुनाला शानपन शिकवतीस? तुजा बाप माज्याच किल्ल्या हलवत उभा ऱ्हायचा. किती लोकं फिरवली त्यानं, इचार की त्याला. तो काय बसलाय.”

चैतालीची कानशिलं तापली. ती तोंड उघडणार इतक्यात कोंडाजी बाकावरून उठला.

“व्हय शेट,” तो म्हणाला. “फिरवली. लय फिरवली. लहान लेकरं असलेली मानसंबी फिरवली. तुमी सांगितलं आन् मी केलं, कारन घरात चार तोंडं व्हती. रोज घरी जाऊन पयलं तोंड धुवायचो, मग पोरीकडं बघायचो. मला ते करावं लागलं. हिला न्हाई करावं लागत. हिच्याकडनं तुमी ते करून घ्यायचं न्हाई.”

इतकी वर्षं चैतालीला वाटत होतं की बापाला त्याचं काही नव्हतं. रडायला ती जागा नव्हती म्हणून तिने कागदांचा गठ्ठा टेबलावर आपटला.

“ही साठ नावांची साठ पानं. प्रत्येक मालकाने आपापलं उचला. नाव तुमचं आहे, माझं नाही, कुठेही न्या. सॉफ्टवेअर कुणाच्या बापाचं नाही, विक्कीनेही बसवावं. त्याला मी शिकवीनसुद्धा. पण विक्की, क्रमांक वाढवत जा रे बाबा.”

मागून कोणीतरी खुदकन हसलं. कोण कुणाकडे राहणार ते ठरवायला हात वर झाले. एक्केचाळीस मालक बाजीरावांबरोबर गेले, एकोणीस राहिले. जे गेले त्यांत तिने रात्रंदिवस सांभाळलेले लोक होते, आणि त्याचं तिला फार वाईट वाटलं. महिन्याची निम्म्याहून जास्त कमाई त्या दहा मिनिटांत गेली होती.

पण नावं हलवायला वेळ लागतो. विक्कीचं मशीन मंगळवारी सुरू होणार होतं. म्हणजे ऐन सुट्टीतले शनिवार, रविवार, सोमवार ती एक्केचाळीस नावं चैतालीच्याच हातात होती. त्यांत बाजीरावांचा स्वतःचा तलावाकाठचा सर्वांत मोठा बंगलाही होता.

पायलला हे कळताच तिने फोन केला. “अगं, देव पावला तुला! त्याचं नाव फिरव अनिताताईंकडे. तीन दिवस. एका ओळीचं काम आहे.”

चैतालीने ती फाइल उघडली सुद्धा. बाजीरावांच्या बंगल्याचं नाव, पुढे आकडे. बोट टेकवलं की काम होणार होतं, आणि खरं सांगायचं तर बोट टेकवावंसं तिला फार वाटलं. कोंडाजी मागे चहा गाळत होता. तिने फाइल होती तशी बंद केली.

सोमवारी संध्याकाळी बाजीरावांचा फोन आला. आवाज नेहमीसारखा जाड नव्हता. तीन दिवस त्यांनी वाट बघितली असावी.

“चैताली, माज्या बंगल्याच्या नावाला काय केलंस का गं तू?”

“तुमचं गिऱ्हाईक कुठं पोचलं, भाऊ?”

“माज्याकडंच आलं. समदं आलं.”

“मग तेच केलं,” चैताली म्हणाली आणि फोन ठेवून दिला.